सांत्वनाला गेलेला गुडघा

दर्यापूरच्या स्टँडवर अकोल्याच्या गाडीची वाट पाहत होतो. शेजारच्या बाकावर मयताच्या घरी बसून आलेले नवराबायको होते.

“कुसुमवहिनीचं मन कसं हलकं केलं मी!”

“तुमी? दोन घंटे आपल्या गुडघ्याचं ऑपरेशन सांगून राहिले होते.”

“दुखात माणसाचं ध्यान दुसरीकडं न्या लागते.”

“वहिनी तीनदा म्हणाल्या, ‘हे जाताना मले म्हणाले...’ तिन्ही वक्ती तुमी मंधात गुडघा घुसवला.”

“मंग? काय म्हणाले होते भाऊ?”

“मले काय मालूम! चवथ्यांदा त्यायनं तोंडच नाई उघडलं. उठल्या न् तुमच्यासाठी चहा टाकला.”

“चाल, वापस जाऊ.”

“गाडी लागून राहिली ना.”

“दुसरी भेटते. भाऊ काय म्हणाले, तेवढं पुसतो न् चूप बसतो.”

“वहिनी रडल्या तं?”

“रडू देतो.”

“आन् दुसऱ्या गुडघ्याचं सांगाचं राहिलं ते?”

“ते तुले सांगतो ना रस्त्यानं. वहिनीचं घर येईपर्यंत खतम होते.”

“शंभरदा आयकलं मी ते.”

“मालूम हाय.”

“चाला. सांगा.”