पी-ओ-आर-ई

समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष कल्याणराव साहेब, व्यासपीठावरील मान्यवर, मुख्याध्यापिका पंकजा मॅडम, सहकारी बंधू-भगिनी, गावकरी मंडळी आणि विद्यार्थी मित्रहो,

शाल दिलीत, श्रीफळ दिलंत, दोन्ही मी आदराने घेतलं. हे मानपत्र मात्र मी घेणार नाही. अध्यक्षसाहेब, उठू नका, बसा. चौतीस वर्षं कर्जत तालुक्यात इंग्रजी शिकवून आज निवृत्त होतोय, पाच मिनिटं मला रागावू द्या.

यात इंग्रजीत छापलंय की मी प्रत्येक वही 'पोअर ओव्हर' केली. म्हणजे अक्षर न् अक्षर डोळ्यांखालून घातलं. त्याचं स्पेलिंग पी-ओ-आर-ई. इथं छापलंय पी-ओ-यू-आर. ते ओतणं झालं. मी काय वह्यांवर चहा ओतत होतो? सोनेरी अक्षरं, काचेची फ्रेम, आणि छापण्याआधी कुणी वाचू नये?

मजकूर आमच्या रुपाली मॅडमचा. सकाळी स्टाफरूममध्ये मी त्यांना नको ते बोललो. त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या, "सर, दहावीला तुम्हीच फळ्यावर असं लिहून दिलं होतं."

मला ते खोटं वाटलं. मी आणखी भडकलो. तेवढ्यात दहावीला त्यांच्याच वर्गात असलेली सत्यशीला आत आली. तिची मुलगी आता आपल्याकडे पाचवीला आहे. हातात एक जुनी वही होती.

मी फळ्यावर तो शब्द लिहिला, त्या दिवशी वर्गात ही एकटी उभी राहिली होती. म्हणाली होती, "सर, डिक्शनरीत येगळं हाय." मी डिक्शनरी उघडली का? नाही. तिचे आईवडील ऊसतोडीला जायचे. "कोयतेवाल्यांनी मला इंग्रजी शिकवू नये," असं मी भरवर्गात बोललो, आणि फळ्यावरचा शब्द शंभर वेळा लिहून आणायला सांगितला. ते वाक्य आठवलं की आज माझीच मला चीड येते.

सकाळी तिने ती वही माझ्या हातात दिली. "तवा वाचली न्हाई तुमी. आता वाचा."

शंभर ओळी. शंभरच्या शंभर पी-ओ-आर-ई. आणि खाली लाल शाईत माझी सही, 'तपासले'.

आता सांगा, मी रागवायचं कुणावर? फ्रेमवाल्यावर?

सत्यशीला, दाराशी उभी राहू नकोस, इकडे ये. हा लाल पेन घे. स्पेलिंग दुरुस्त करू नकोस, ते केलं तरी वाक्य खोटंच राहील. अख्खं वाक्य खोड. मग मी हे मानपत्र घरी नेईन.

संस्थेचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. रुपाली मॅडम, सकाळच्या बोलण्याची क्षमा करा. मंडळी, बोलताना तोल सुटला असेल, सांभाळून घ्या.

आणि सत्यशीला, तुझी माफी अशी माईकवरून उरकणार नाही. मी नवी वही आणलीय. शंभर वेळा लिहून तुझ्याकडे देईन. फक्त न वाचता सही करू नकोस.