छकुलीचा पहारा

समुपदेशक ताईंच्या बंद दाराबाहेर एक छोटा पंखा भिंतीकडे तोंड करून मोठ्यानं घरघरत फिरत होता. आतलं बोलणं बाहेर ऐकू येऊ नये, एवढंच त्याचं काम. आतून आलेली बाई माझ्या शेजारी, नवऱ्याजवळ बसली. त्या दोघांचं बोलणं मात्र पंख्याला झाकता येत नव्हतं.

“छकुलीला काही झालेलं नाही, म्हणाल्या ताई.”

“मग रात्रभर टक्क जागी का असते?”

“पहारा देते.”

“कसला?”

“तुम्ही झोपेत ‘ब्रेक, ब्रेक’ ओरडता ना, तेव्हा येऊन तुमचा हात धरते. आज सांगितलं तिनं.”

“अगं, त्या अपघाताला वर्ष झालं. मी चालवत होतो त्या बसमधल्या कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं.”

“वर्षभर हेच ऐकतेय. ताईंकडे चला म्हटलं, की ‘मला काय धाड भरलीय?’”

“आणि मी पोरीलाच धरून आणलं इथे.”

“डोळे पुसा. लोक बघतायत.”

“बघू देत. ती बरी आहे ना, नक्की?”

“ठणठणीत. झोपेची तेवढी उधारी आहे.”

“हुश्श! ती बाहेर आली की तुझ्याजवळ बसव.”

“आणि तुम्ही?”

“मी आत जातो.”