रविवारची पिवळी गोळी

(शवचिकित्सा विभागातली खोली. टेबलावर अर्धा भरलेला अहवाल.)

डॉक्टर : वय बेचाळीस. तंबाखू नाही, मधुमेह नाही, रक्तदाब ठीक, रक्तातली चरबी तुमच्या-माझ्याहून कमी. आणि हृदयाची डावी धमनी गुठळीने पूर्ण बंद.

बहीण : भाऊ माझा होता, डॉक्टर. आकडे पाठ आहेत मला, औषधांचं दुकान आहे माझं. तुम्ही ‘तेलकट आहार’ एवढं लिहा. वहिनीला त्या कागदासकट सगळ्या नातेवाइकांसमोर उभी करते.

डॉक्टर : अहवाल भावजयीचा काटा काढायला नसतो.

बहीण : बारा वर्षं तळण घातलं तिनं त्याला. मी बोलले की नाक मुरडायची. ते नाक मला खाली झालेलं बघायचंय.

डॉक्टर : मग तुमची निराशा होईल. धमनीच्या भिंतीत चरबी होती, पण थोडी. तिच्याभोवती पांढऱ्या पेशींची झुंबड होती. त्यांनी चरबीवरचा पापुद्रा कुरतडला, तो फाटला आणि तिथं गुठळी धरली. याला दाह म्हणतात. तो वर्षानुवर्षं धुमसतो.

बहीण : तळणानंच धुमसला असेल.

डॉक्टर : इतका, नुसत्या तळणानं नाही. बोटं वाकडी दिसली. संधिवात?

बहीण : सात वर्षं. पण शेवटची दोन वर्षं कण्हला नाही.

डॉक्टर : तो आजार सांध्यांपुरता राहत नाही, धमन्यांनाही भोवतो. म्हणून दाह दाबायला आठवड्याला एक गोळी देतात.

बहीण : वहिनी द्यायची. दर रविवारी, न चुकता.

डॉक्टर : रक्तपेशींत त्या औषधाचा मागमूस नाही. औषध पोटात गेलं नाही, एवढं मी लिहू शकतो. देणारी वहिनी, म्हणजे ठपका आपोआप तिच्यावर. हेच हवं होतं ना तुम्हाला?

बहीण : (डॉक्टरांच्या पेनावर हात ठेवते.)

डॉक्टर : लिहू?

बहीण : तिनं दिली. डबी दोन वर्षं मी भरून पाठवायचे.

डॉक्टर : काय भरायचात?

बहीण : जीवनसत्त्वाची. तशीच पिवळी दिसते. खऱ्या गोळीनं सोमवारभर ओकायचा, बघवत नव्हतं. दुखण्यावरची वेगळी द्यायचे. तिला कळलं असतं तर तिनं ऐकलं नसतं.

डॉक्टर : दुखणं झाकलं गेलं, दाह चालू राहिला. तरी गोळी थांबल्यानंच, असं एका देहावरून ठामपणे म्हणता येत नाही. शक्यता दाट आहे, इतकंच.

बहीण : तेवढं पुरे. लिहा.

डॉक्टर : दीर्घकालीन दाहामुळे धमनीतला थर फाटून हृदयविकार. दोन वर्षं औषध मिळालं नाही.

बहीण : औषध बहिणीनं बदललं होतं. तेही लिहा.