भाऊंचा खण

(सूक्ष्मजीवशास्त्र विभागाची मागची खोली. उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरसमोर दोघं: आज निवृत्त होणाऱ्या मॅडम, आणि त्यांच्या हाताखाली शिकून आता त्यांच्याच खुर्चीवर बसणारा प्रमुख.)

प्रमुख : ...म्हणजे तिकडूनही नकारच.

मॅडम : नकार कसला, फार गोड बोलले. माझं काम मूलभूत आहे म्हणे. मूलभूत म्हणजे जुनं, एवढं मलाही कळतं.

प्रमुख : सगळा निधी सध्या आतड्याकडे वळलाय, मॅडम. घशाला कोणी विचारत नाही.

मॅडम : माझा जन्म घशात गेला. वेळीच थोडी खाली सरकले असते तर आज फ्रीझर तरी राहिला असता.

प्रमुख : आतडेवाले उद्या ताबा घ्यायला येतायत. ज्या जंतूंना जबाबदार माणूस नाही ते नष्ट करा, असा आदेश आहे. मी संचालकांशी भांडलो. ते म्हणाले, स्ट्रेप्टोकॉकस कुठल्याही घशात मिळतो, साठवायचा कशाला?

मॅडम : चूक नाही त्यांचं. वरचे दोन खण केले मी रिकामे. तो हातमोजा बदल, अंगठ्याशी फाटलाय.

प्रमुख : आता हा तिसरा. भाऊंचा.

मॅडम : हं.

प्रमुख : पहिल्याच दिवशी तुम्ही मला म्हणालात, "भाऊंना रक्त तयार ठेव." मी पेशंट शोधत वॉर्डात गेलो होतो.

मॅडम : आणि मेंढीचं रक्त आहे म्हटल्यावर पाणी प्यायला गेलास.

प्रमुख : पोरं अजून म्हणतात, भाऊ एका रात्रीत प्लेटमधलं सगळं रक्त फस्त करतात. गल्लीतला दांडगा असतो ना, तसला जंतू, म्हणून भाऊ, असंच आम्ही धरून चाललो. कोणी ठेवलं हे नाव?

मॅडम : आईनं.

प्रमुख : कोणाच्या?

मॅडम : माझ्या. माझ्याहून धाकटा, पण तोरा थोरल्याचा. म्हणून घरात सगळे भाऊच म्हणायचे.

प्रमुख : मॅडम, मला कळलं नाही.

मॅडम : घसा दुखायचा त्याचा सारखा. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, वाफ, की पुन्हा शाळा. मग सांधे सुजले. ते उतरले, तेव्हा आईनं सुटकेचा निःश्वास टाकला. मग हृदयाची झडप गेली. तू परीक्षेत हेच लिहिलं होतंस, अक्षरही बरं होतं. भाऊ गेला त्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी त्याच्या घशातला जंतू वाढवून, वाळवून कुपीत ठेवला होता. पुढे मी त्यांच्याकडेच शिकायला गेले. त्यांनी कुपी हातावर ठेवली. म्हणाले, हा तुमच्या घरचा.

प्रमुख : आणि तुम्ही त्यालाच भाऊ म्हणत राहिलात? ज्यानं त्याला नेलं त्याला?

मॅडम : दुसरं काय उरलं होतं त्याचं? दप्तर होतं, ते आईनं कोणाला तरी देऊन टाकलं.

प्रमुख : कधी राग नाही आला?

मॅडम : आला की. लस काढायला निघाले होते मी. तर जंतूचा एक तुकडा हृदयाच्या तुकड्यासारखाच दिसतो. जंतूवर सोडलेलं शरीराचं सैन्य हृदयावरच चालून जायचं. मग बिनधोक तुकडा सापडावा म्हणून तुकडे पाडत बसले. शेवटी लस निघाली, उंदरांपुरती. उंदीर ठणठणीत आहेत.

प्रमुख : आणि भाऊ?

मॅडम : भाऊ अजून साध्या पेनिसिलिननं मरतो. इतकी वर्षं रक्त पिऊनही औषधाला दाद न द्यायला काही शिकला नाही. तोही अभ्यासात कच्चाच होता.

प्रमुख : मॅडम, एक कुपी माझ्या खोक्यात ठेवतो. दुसऱ्या नावानं. कोण बघतंय?

मॅडम : आणि तू निवृत्त झाल्यावर?

प्रमुख : तेव्हाचं तेव्हा.

मॅडम : तेव्हा कोणीतरी नाव वाचून बिनधास्त झाकण उघडेल आणि घरी जाऊन पोराचा पापा घेईल. नको. एका घरात झालं तेवढं पुरे. पिशवी पुढे कर.

प्रमुख : तुम्हीच टाका. माझ्यानं नाही व्हायचं.

मॅडम : टाकला. आता पिशवीचं तोंड सैल कर. घट्ट राहिलं तर वाफ आत जात नाही, विसरतोस तू नेहमी.

प्रमुख : केलं सैल. वाफेचा ऑटोक्लेव्ह लावला, आत काही जिवंत राहत नाही. चला मॅडम, वर सगळे तुमच्या निरोपासाठी खोळंबलेत. संचालक भाषण घेऊन बसलेत.

मॅडम : बसू देत. तू हो पुढे. मी थांबते.

प्रमुख : यंत्र आपोआप बंद होतं, मॅडम. थांबायची काही गरज नाही.

मॅडम : माहीत आहे रे. तो एकटा वाफ घ्यायचा नाही. पांघरुणात शेजारी ताई लागायची.