एकोणसाठची बाकी

मुलगी : त्रेपन्नने भागून बाकी बेचाळीस. बरोबर. एकोणसाठने भागून... बाकी त्रेपन्न. बरोबर. एकसष्टने, एक. बरोबर.

बाबा : हळू वाच. अकरा दिवस घालवलेत मी त्या वहीत.

मुलगी : कॅल्क्युलेटर आहे ना हातात. पण हीच संख्या का घेतलीत? अठ्ठावन्न लाख ब्याऐंशी हजार तीनशे त्रेपन्न. एखादी लहानशी घ्यायचीत.

बाबा : तोड तिला. पाचशे अठ्ठ्याऐंशी आणि दोन हजार तीनशे त्रेपन्न. दोघांचे वर्ग कर, बेरीज घे.

मुलगी : थांबा... अरेच्चा. तीच संख्या आली.

बाबा : वर्गात पोरं ऐकेनाशी झाली की मी हेच फळ्यावर मांडायचो. ती मूळ संख्या आहे, कशानेच भाग जात नाही, हेही सांगायचो. पण पुस्तकात होतं म्हणून. स्वतः भागून कधी पाहिलं नव्हतं.

मुलगी : मग दोन हजार चारशे पंचवीसलाच का थांबलात?

बाबा : तिचं वर्गमूळ तेवढंच. त्यापुढचा भाजक असता तर त्याचा जोडीदार अलीकडेच सापडला असता. तिथपर्यंत मूळ संख्या तीनशे साठ. तीनशे साठ भागाकार, एकाचीही बाकी शून्य यायला नको.

मुलगी : आणि एकही चुकायला नको. ठरलंय आपलं.

बाबा : झटका मेंदूला आला होता, शब्दाला नाही. एकही चूक नसली तर मी इथे एकटा राहणार. एक जरी निघाली तर तुझ्याकडे. वाच पुढे.

(शेवटच्या ओळीपर्यंत येता येता दुपार कलते.)

मुलगी : दोन हजार चारशे तेवीसने, बाकी एक हजार सातशे बत्तीस. झालं. सगळं बरोबर आहे, बाबा. राहा तुम्ही इथेच.

बाबा : एकोणसाठची ओळ काढ.

मुलगी : वाचली की मघाशी. त्रेपन्न.

बाबा : तू त्रेपन्न वाचलंस. मी काय लिहिलंय?

मुलगी : ...पस्तीस.

बाबा : आकडे उलटे. डॉक्टरांनी नेमकं यावरच लक्ष ठेवायला सांगितलं होतं तुला.

मुलगी : तीनशे साठात एक हो. आणि पस्तीस काय, त्रेपन्न काय, शून्य तर नाही ना? संख्या मूळच ठरते.

बाबा : संख्येचं काही बिघडत नाही. उद्या गोळ्यांचं बिघडेल. खोटं का वाचलंस?

मुलगी : या अकरा दिवसांत तुम्ही पुन्हा माझ्यावर खेकसायला लागलात. दोन महिने मी त्याचीच वाट बघत होते. तुम्हाला या टेबलावरून उठवायला मन होईना माझं. आणि चूक शेवटी तुम्हीच पकडलीत. स्वतःची चूक दिसते त्याला एकटं राहायला काय हरकत आहे?

बाबा : कधी पकडली, ते विचार.

मुलगी : कधी?

बाबा : एकोणसाठपाशी तू अडखळलीस तेव्हा. त्याआधी ती ओळ मी चार वेळा तपासली होती. कपाटावरची बॅग काढ.