रजेचं कारण

(२०११. पुण्यातलं एक सरकारी कार्यालय. साहेबांच्या टेबलावर एका दिवसाच्या रजेचा अर्ज.)

बद्रीनाथ : असं कोणी लिहितं का, सुनीतीबाई? काहून स्वतःच्या हातानं फास लावून घेता?

सुनीती : अर्जात ‘कारण’ असा रकाना आहे, साहेब. मी कारण लिहिलं.

बद्रीनाथ : ‘मंत्रिमहोदयांवरील भ्रष्टाचाराच्या आरोपांची चौकशी व्हावी, यासाठी मंडईत धरण्याला बसणे.’ अहो, मंत्री आपल्याच खात्याचे! ‘घरगुती अडचण’ लिहा. सगळं ऑफिस तेच लिहिते.

सुनीती : हो ना. वर्ल्डकपच्या फायनलला निम्म्या ऑफिसच्या घरी एकदमच अडचण आली होती.

बद्रीनाथ : मग ‘प्रकृती बरी नाही’ लिहा.

सुनीती : आमची अवनी हेच म्हणाली. हिंजवडीला कॉम्प्युटर कंपनीत आहे ती. ‘आई, सिक लीव्ह टाक ना, सिंपल!’ म्हणजे खोटं बोलून रजा घ्यायची आणि तिथे जाऊन ‘भ्रष्टाचार बंद करा’ म्हणून ओरडायचं. नाही जमायचं. घसा नाजूक आहे माझा.

बद्रीनाथ : थट्टा नोका करू, बाई. रिटायरमेंटला अकरा महिने राहिले तुमच्या. सरकारी नोकर धरण्यात, तेही लेखी देऊन! चौकशी लागली की पेन्शन अडकलं. मिस्टर गेल्यापासून तेवढाच आधार आहे न तुम्हाला?

सुनीती : तेवढाच आहे. भीतीही वाटते. सकाळी तीन पोळ्या करपल्या.

बद्रीनाथ : मग कशासाठी हे?

सुनीती : मांजरी गावचे शेतकरी गेनबा आठवतात? कालवा कागदावर दुरुस्त झालाय, पाणी काही येत नाही, म्हणून पाच वेळा अर्ज घेऊन आले. पाचही वेळा मी शिक्का मारून पोच दिली. शेवटच्या खेपेला म्हणाले, ‘बाई, तुमचा शिक्का लई झ्याक उठतो.’ टोमणा नव्हता हो. शिक्का नीट उठला की काम होतं, असं खरंच वाटायचं त्यांना. कालपासून ते मंडईत बसलेत. उपाशी.

बद्रीनाथ : आणि मी रजा नामंजूर केली तर?

सुनीती : बिनपगारी जाईन. फक्त नामंजुरीचं कारण लेखी द्या.

बद्रीनाथ : काय कारण देऊ? रजा शिल्लक आहे, तुमच्या टेबलावर एकही कागद तुंबलेला नाही.

सुनीती : ते तुमचं तुम्ही बघा. मी माझा रकाना भरलाय.

बद्रीनाथ : वीस वर्षं झाली नोकरीला. तुमच्यासारखं माणूस नाही पाहिलं मी, खरंच सांगतो. द्या तो पेन इकडे.

सुनीती : हे काय? ‘कारण वाचले. रजा मंजूर.’ साहेब, नुसतं ‘मंजूर’ पुरलं असतं. उद्या वरून विचारणा झाली, तर वाचलंच नव्हतं म्हणता आलं असतं तुम्हाला.

बद्रीनाथ : गेनबाचे पाचही अर्ज माझ्याच टेबलावर आले होते, बाई. पाचही वेळा मी तेच म्हणालो.