कॉफीच्या डब्यातल्या टोप्या

मारिट : "काडतुसं भरताना टेबलावर एका वेळी एकच डबा! दुसरा दिसला तर बोटं मोडीन!" आजोबांचा तो आवाज अजून या गॅरेजच्या पत्र्यात घुमतो, नाही का बाबा?

हाल्वोर : घुमतो. आणि तू नेमका त्यांचाच कॉफीचा डबा उघडून बसली आहेस. ठेव तो खाली.

मारिट : एकच तर आहे टेबलावर!

हाल्वोर : डबा एक, पण आत काडतुसांच्या टोप्या किती घरच्या? आजोबा गेल्यावर त्यांच्या फडताळातली सगळी फाटकी पाकिटं मीच यात रिती केली. रायफलच्या, पिस्तुलाच्या, लष्करातून आलेल्या, सगळ्या एकत्र. लग्नाचं वऱ्हाड नुसतं! कोण कुणाकडची, विचारायची सोय नाही.

मारिट : चमकतात तर सगळ्या सारख्याच.

हाल्वोर : तेच तर दुखणं. मसुराच्या दाण्याएवढा जीव, काडतुसाच्या बुडाशी बसायचं आणि ठिणगी द्यायची. पण एखादी मवाळ, एखादी जहाल. मवाळ निघाली तर गोळी नळीतच अडकते. जहाल निघाली तर बंदूकच फुटते हातात.

मारिट : मला पाचच काडतुसं भरायची आहेत, बाबा. उद्या हंगाम उघडतोय. माझ्या टिल्डाचं बारावं सरलं, पहिली शिकार तिची. आणि अख्ख्या मोंटानात टोप्यांचा दुष्काळ.

हाल्वोर : तयार काडतुसांचा नाही ना? आत्ता जाऊन खोकं आणतो.

मारिट : विकतची? लेकराच्या पहिल्या शिकारीचं काडतूस घरच्या हातचं असावं, हे कोण सांगतं? दर नाताळला?

हाल्वोर : नाताळला माणूस बरंच काही बोलतो.

मारिट : माझ्या पहिल्या शिकारीचं काडतूस याच डब्यातल्या टोपीवर उडालं ना? मी इथे दाराबाहेर पायरीवर कान लावून बसले होते. तीन तास दार बंद. मग बाहेर आलात, कपाळावर घाम, ओंजळीत पाच काडतुसं. पाखरू धरून आणावं तशी. आणि पहिल्याच गोळीत हरीण! ती रिकामी पुंगळी आता टिल्डाच्या गळ्यात आहे, लाल दोऱ्यात.

हाल्वोर : गळ्यात?

मारिट : अंघोळीलाही काढत नाही. तेव्हा या टोप्या चालल्या, मग आज काय झालं?

(मारिटची आई डेला दालचिनीच्या गरम रोलची थाळी घेऊन दारात येते.)

डेला : तेव्हा कपडे धुवायचं यंत्र चालू होतं.

मारिट : त्याचं काय इथे, आई?

डेला : तीन तास चालू होतं. आत मोजासुद्धा नव्हता. वर रेडिओ मोठ्याने. हाल्वोर, तू सांगतोस की मी सांगू? रोल निवतायत.

हाल्वोर : बावीस वर्षं गप्प होतीस की गं!

डेला : बावीस वर्षं नातीचा प्रश्न नव्हता.

मारिट : रिकामं यंत्र? कशासाठी?

डेला : हा मागच्या दाराने निघाला, ती गाडी तुला ऐकू जाऊ नये म्हणून.

मारिट : बाबा! कुठे गेला होतात?

हाल्वोर : दुकानात.

मारिट : म्हणजे माझी काडतुसं...

हाल्वोर : वीसचं खोकं होतं. उरलेली पंधरा त्या खिळ्यांच्या डब्यामागे आहेत. बर्फात गाडी दोनदा घसरली. घाम त्याचा होता.

मारिट : अरे देवा! आणि दर नाताळला "माझ्या हातची, माझ्या हातची"! पाहुण्यांसमोर! पाद्रीबाबांसमोर!

हाल्वोर : तुला दिली तर माझ्याच हातांनी ना?

डेला : ऐका! हे उत्तर तेव्हापासून तयार करून ठेवलंय त्याने.

मारिट : हसू नकोस गं आई, मलाही हसू येतंय, आणि मला रागवायचंय. बाबा, तुम्ही स्वतःसाठी याच डब्यातल्या भरायचात. मी पाहिलंय. कधी एखादी फुसकी निघाली की शिव्या घालायचात आणि पुढची भरायचात. मग माझ्याच वेळी दुकान का?

हाल्वोर : त्या दिवशीही भरायलाच बसलो होतो. पहिली टोपी चिमटीत धरली, दिव्याशी नेली. आणि माझ्या बाबांचा आवाज आला, शेजारी उभे असल्यासारखा. "ही कुणाची रे?" मला सांगता येईना.

मारिट : मग?

हाल्वोर : माझी बंदूक असती तर बसवली असती, पोरी, डोळे झाकून. पण ती बंदूक तुझ्या गालाशी टेकणार होती.